वाळूतून डांबरावर येताना : टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर कसा निवडावा?

रत्नागिरी, प्रतिनिधी

सलग सुट्ट्या आल्या की रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरून एक बातमी हमखास येते. पर्यटकांची मोटार वाळूत रुतली, भरतीचे पाणी चढू लागले आणि अखेर ग्रामस्थांनी दोर बांधून किंवा जेसीबी बोलावून ती बाहेर काढली. कधी ही बातमी गुहागरची असते, कधी दापोली तालुक्यातील कर्दे-मुरूडची, तर कधी गणपतीपुळ्याची. अशा वेळी जाणता चालक सर्वप्रथम चारही चाकांतील हवा कमी करतो. हा उपाय लागू पडतो, यात शंका नाही. मात्र बातमी जेथे संपते तेथून पुढचा धोका सुरू होतो. गाडी बाहेर निघालेली असते, चाकांत निम्मीच हवा असते आणि हवा भरण्याची सोय पंधरा-वीस किलोमीटरवर असते. दिवस मावळलेला असेल तर पंक्चरवाल्याचे दुकानही बंद झालेले असते. मंडळी तशीच निघतात.

निम्म्या हवेचे टायर डांबरी रस्त्यावर पळवणे हे वाळूत रुतण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक आहे. जीपसारख्या गाडीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४०० फेरे घेते. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजूची भिंत दुमडते आणि पुन्हा सरळ होते. त्यातून उष्णता निर्माण होते आणि रबर व आतील धाग्यांची पकड सुटू लागते. टायर तेथेच फुटला तर वाहन एखादे वेळी सावरता येते. पण आतून इजा झालेला टायर बाहेरून धडधाकट दिसतो आणि दुसऱ्या दिवशी, पुरती हवा भरलेली असताना, मुंबई-गोवा महामार्गावर भर वेगात दगा देतो. म्हणूनच रस्ता सोडून वाहन चालवणाऱ्याने हवा सोडण्याचे साधन आणि हवा भरण्याचे साधन ही एकच जोडी मानली पाहिजे. दुसरे जवळ नसेल तर पहिले वापरण्याचा विचारही करू नये.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे. हा लेख म्हणजे किनाऱ्यावर गाडी घालण्याचे आमंत्रण नव्हे. पुळणीवर वाहने नेण्यास स्थानिक प्रशासन मनाई करते, पोलीस गुन्हेही नोंदवतात आणि ते योग्यच आहे. वेळास, आंजर्ले, गावखडी आदी ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात वाळूत अंडी घालतात. चाकांखाली दबलेली वाळू आणि चाकोऱ्यांचे खोल चर घरट्यांना आणि समुद्राकडे निघालेल्या पिलांना जीवघेणे ठरतात. रत्नागिरीत चारचाकी जीपचा खरा उपयोग आहे तो आंब्याच्या बागांकडे जाणाऱ्या जांभ्याच्या कच्च्या वाटांवर, पावसाळ्यात पऱ्या ओलांडताना आणि सड्यावरील खडबडीत कातळावर. अर्थात सड्यावरही भान हवेच. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली आहेत. ती जमिनीलगत कोरलेली असल्याने वाहनातून सहज दिसत नाहीत. जेथे वाट नाही तेथे चाक घालू नये, हे उत्तम.

हवा कमी केल्याने नेमके काय साधते, हे साध्या हिशेबाने समजते. चालक व सामानासह गाडीचे वजन १८०० किलो धरले तर एका चाकावर ४५० किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब असेल, तर जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानाने २०० चौरस सेंटिमीटर असतो. दाब १६ वर आणला की तोच भाग ४०० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातो. टायर रुंदीपेक्षा लांबीने अधिक पसरतो, वाळूवर तरंगल्यासारखा चालतो आणि कातळाच्या टोकदार कडेवर कापला जाण्याऐवजी तिला लपेटून घेतो. साधारणपणे मऊ वाळूसाठी १५ ते १८, चिखलासाठी त्याहून थोडा जास्त आणि दगडगोट्यांच्या वाटेसाठी २० ते २४ पीएसआय दाब ठेवण्याचा प्रघात आहे. त्याखाली गेल्यास ट्यूबलेस टायरची रिमवर बसणारी कड, जिला कारागीर ‘बीड’ म्हणतात, ती वळणावर निसटण्याची भीती असते. हवा कमी असेपर्यंत वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत असावा, वळणे सावकाश घ्यावीत. मालाने भरलेल्या पिकअपची हवा कमी करू नये. आंब्याच्या पेट्या उतरवाव्यात, मग हवा सोडावी.

ही युक्ती जुनी आहे. १९३० च्या दशकात राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटातून मोटारी नेल्या त्या टायरमधील हवा कमी करूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या ‘डक’ या पाण्यातून व जमिनीवरून चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला आपल्या जागेवरूनच टायरची हवा कमी-जास्त करता येत असे. समुद्रातून किनाऱ्याच्या वाळूवर आणि तेथून पक्क्या रस्त्यावर चढताना या सोयीचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडील जीपला अशी सोय नसते. तिच्या जागी येतो तो बारा व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर.

१५० पीएसआयचा भूलभुलैया

दुकानात किंवा संकेतस्थळावर कॉम्प्रेसर पाहू लागले की खोक्यावर ठळक अक्षरांत एकच आकडा दिसतो : कमाल दाब १०० पीएसआय, १५० पीएसआय. ग्राहकाची फसगत येथेच होते. जीपच्या टायरला ३०-३५ पीएसआयच्या पुढे काहीच नको असते. मागच्या चाकांना ५० च्या वर दाब लागणारा मालवाहू पिकअप असला तरी १०० पीएसआयचा पंप पुरून उरतो. सायकलचा हातपंपही मोठा दाब देतो, पण त्याने जीपचे टायर भरायला कोणी बसत नाही. कारण प्रश्न दाबाचा नसून हवेच्या प्रमाणाचा आहे. पाहायचा आकडा आहे तो दर मिनिटाला किती लिटर हवा मिळते याचा. परदेशी मालावर तो घनफूट प्रतिमिनिट या मापात असतो. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर.

त्यातही एक मेख आहे. बहुतेक उत्पादक हा आकडा नळी मोकळी असताना, म्हणजे समोर कोणताही दाब नसताना मोजून छापतात. टायरमध्ये दाब वाढू लागला की प्रवाह घटतो. प्रामाणिक उत्पादक शून्य दाबाला किती आणि ३० पीएसआयला किती असे दोन्ही आकडे देतात. ऑस्ट्रेलियाची एआरबी ही या क्षेत्रातील नावाजलेली कंपनी. तिच्या एका सिलिंडरच्या पंपाचा प्रवाह मोकळ्या नळीला मिनिटाला सुमारे ७५ लिटर आणि २९ पीएसआयला सुमारे ६२ लिटर असा दिला जातो. दुसरा आकडा दिलेलाच नसेल, तर पहिल्यातून बरीच वजावट करूनच हिशेब धरावा.

आता आपल्या गाडीला किती हवा लागते ते पाहू. महिंद्र थारच्या अठरा इंची रिमवरील २५५/६५ मापाच्या टायरमध्ये साधारण ६५ लिटर जागा असते. दाब १६ वरून ३२ पीएसआयवर न्यायचा, तर बाहेरची सुमारे ७० लिटर हवा आत कोंबावी लागते. चार चाकांची मिळून २८० लिटर झाली. मारुती जिम्नीचे १९५/८० मापाचे पंधरा इंची टायर लहान आहेत. त्यात सुमारे ४० लिटर जागा असून चारही चाकांना १७५ लिटर हवा पुरते. प्रत्यक्ष दाबाखाली मिनिटाला ६० लिटर देणारा पंप थारचे काम पाच मिनिटांत उरकतो. २० लिटर देणाऱ्याला चौदा मिनिटे लागतात. नळी लावण्या-काढण्याचा वेळ वेगळा धरावा. मिनिटाला १० लिटर देणाऱ्या स्वस्त पंपाला मात्र २८ मिनिटे लागतात आणि येथे दुसरी अडचण उभी राहते.

ती अडचण म्हणजे विश्रांती. लहान पंपाचे सिलिंडर हवा दाबताना अतिशय तापते. म्हणून किती वेळ चालवावा आणि किती वेळ थांबवावा याचे प्रमाण ठरलेले असते. त्यालाच ‘ड्यूटी सायकल’ म्हणतात. माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘दहा मिनिटे चालवा, वीस मिनिटे थांबवा’ असे लिहिलेले असते. मग २८ मिनिटांचे काम दहा, वीस, दहा, वीस आणि आठ अशा हप्त्यांत होऊन एक तास आठ मिनिटांवर जाते. पावसात, अंधारात, मुलेबाळे गाडीत ताटकळत असताना कोणीही तासभर थांबत नाही. तो सूचना झुगारून पंप सलग चालवतो, तिसऱ्या चाकाला पंपातून जळका वास येतो आणि चौथे चाक अर्धवटच राहते. याच क्षणी ‘चला, हळूहळू जाऊ’ असे कोणीतरी म्हणते. खरेदी करताना वाचवलेले हजार रुपये या ठिकाणी महाग पडतात. चारही चाके एका दमात भरून होतील एवढा वेळ न थांबता चालणारा पंप ही किमान अट मानावी.

खोक्यावरील आकड्यांवर विसंबायचे नसेल तर घरच्या घरी परीक्षा घेता येते. एका टायरची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवावी आणि ३० पर्यंत भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजावे. दहा पीएसआयच्या या वाढीसाठी थारच्या टायरला सुमारे ४५ लिटर आणि जिम्नीच्या टायरला सुमारे २७ लिटर हवा लागते. त्याला मिनिटांनी भागले की खरा प्रवाह हाती येतो. ही परीक्षा पंप परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी घ्यावी, हे सांगणे नलगे.

कोणता प्रकार कोणाला?

गाडीच्या सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारे छोटे पंप दोन-तीन हजार रुपयांच्या आत मिळतात. शहरातल्या मोटारीची हवा दोन-चार पीएसआयने वाढवायला किंवा पंक्चर झालेले चाक दुकानापर्यंत नेण्यापुरते भरायला ते उत्तम आहेत. पण या खाचेचा फ्यूज बहुधा दहा ते पंधरा अँपिअरचा असतो. बारा व्होल्ट गुणिले दहा अँपिअर म्हणजे १२० वॉट, तर पंधरा अँपिअरला १८० वॉट. त्यापेक्षा जास्त शक्ती या वाटेने मिळूच शकत नाही आणि फ्यूज उडाल्यावर त्या जागी जाड तार गुंडाळणे म्हणजे डॅशबोर्डमागे आग लावण्याची तयारी होय.

रस्ता सोडून जाणाऱ्यांसाठी योग्य ठरतो तो चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडायचा पंप. अमेरिकेच्या व्हायएअर कंपनीचा ८८-पी हा या प्रकारातील परिचित नमुना आहे. तो सुमारे २० अँपिअर वीज घेतो आणि ३० पीएसआय दाबाला सलग २५ मिनिटे चालू शकतो, असे कंपनी सांगते. याच धर्तीचे एक किंवा दोन सिलिंडरचे अनेक पंप भारतीय बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात. नाव कोणतेही असो, प्रवाह, चालण्याचा वेळ आणि सुट्या भागांची उपलब्धता या तीन गोष्टींवरच त्यांची तुलना करावी. दोन सिलिंडर दिसले म्हणजे हवा दुप्पट, असे मात्र नाही.

पंप चालू असताना इंजिन सुरू ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये आणि हातब्रेक ओढलेला असावा. प्रथम लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, नंतर काळा चिमटा बॅटरीपासून दूर इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावा. काढताना याच्या उलट. बंद गॅरेजमध्ये हे काम करू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

चार्जिंगवर चालणारे बिनतारी पंप अलीकडे घरोघरी दिसतात. दुचाकी आणि छोट्या मोटारीसाठी त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. चार मोठे टायर निम्म्यापासून भरताना मात्र त्यांची बॅटरी मध्येच मान टाकते. बॉनेटखाली कायमचा बसवायचा पंप महाग असतो. ज्यांची जीप महिन्यातून दोन-तीनदा खरोखर रस्ता सोडते त्यांनीच त्याचा विचार करावा. जुन्या जीपमध्ये काही हौशी मंडळी वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर जोडून हवा भरतात. त्याचा प्रवाह भरपूर असतो, परंतु हे काम जाणत्या कारागिराचे आहे. राहता राहिला पायपंप. त्याला वीज लागत नाही, फ्यूज उडत नाही, म्हणून गाडीच्या कोपऱ्यात पडून असावा. थारचे चारही टायर त्याने भरण्याचा प्रयोग एकदाच होतो.

नळी हा दुर्लक्षित भाग आहे. थारची लांबी चार मीटरच्या किंचित आत आहे. बॅटरी बॉनेटखाली, आणि मागच्या विरुद्ध बाजूच्या चाकापर्यंत नळी वळसा घालून जायची. तेव्हा तार आणि नळी मिळून सहा ते सात मीटर लांबी हवीच. पंप वाळूत किंवा लाल मातीत ठेवू नये. तो धूळ आत ओढतो. पायपुसणे किंवा पंपाची पिशवी अंथरावी. टायरच्या तोंडावर पितळी आट्यांची, फिरवून बसवायची जोडणी दाबून बसवण्याच्या प्लास्टिक खटक्यापेक्षा टिकाऊ असते. मात्र काढताना थोडी हवा निसटते, ती धरून एक-दोन पीएसआय जास्त भरावी. पंप थांबल्यावर धातूची जोडणी इतकी तापलेली असते की बोट भाजते. जाड हातमोजा जवळ असावा.

पंपावरील दाबमापकावर फार विश्वास टाकू नये. हवा वाहत असताना काटा टायरचा दाब न दाखवता नळीतील दाब दाखवतो. पंप बंद करून वाचावे आणि शेवटची खात्री वेगळ्या, चांगल्या दाबमापकाने करावी. योग्य दाब कोणता, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेले असते. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. छापील दाब थंड टायरसाठी आहे. तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआयने वाढतो. त्यामुळे वाटेत भरलेली हवा दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी पुन्हा तपासावी. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जाणारे काही जण वर हवेचा दाब वाढल्याची तक्रार करतात. सहाशे मीटर चढल्यावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि मापकाचा काटा एखाद्या पीएसआयने वर जाऊ शकतो, हे खरे. पण वरच्या गारव्याने तो बहुतांशी भरून निघतो. घाटमाथ्यावर उतरून हवा सोडत बसण्याचे कारण नाही.

बीड निसटलेला ट्यूबलेस टायर ही वेगळीच आपत्ती आहे. तो रिमवर पुन्हा बसण्यासाठी हवेचा एकदम मोठा झोत लागतो. दुकानातील टाकीच्या कॉम्प्रेसरला ते सहज जमते, लहान पंपाला क्वचितच. जॅकवर चाक उचलून, व्हॉल्व्हची आतली पिन काढून, टायरभोवती पट्टा आवळून प्रयत्न करता येतो. पेट्रोल किंवा स्प्रे टाकून काडी लावण्याचे जे प्रकार चित्रफितींत दाखवतात ते कदापि करू नयेत. चाक बदलून स्टेपनी लावणे हाच शहाणपणाचा मार्ग. येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. टायरमधील दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचे साहित्य दिलेले असल्यास साडेतीन टनांपर्यंतच्या ट्यूबलेस टायरच्या प्रवासी मोटारींना स्टेपनीविना विकण्याची मुभा २०२० पासून मिळाली आहे. आपल्या गाडीत स्टेपनी आहे की नाही, हे मागचा दरवाजा उघडून एकदा पाहून घ्यावे.

कोकणच्या हवेचा विचार न करता घेतलेला पंप दोन पावसाळ्यांत गंजतो. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. पंप गाडीच्या मागच्या भागात ओल्या चिखलाच्या बुटांशेजारी न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. चिमट्यांची आणि जोडणीची टोके कोरड्या फडक्याने पुसून त्यांवर ग्रीसचा हलका हात फिरवावा. हवागाळणीचा स्पंज खारट धुळीने चोंदतो, तो काढून धुता येतो की नाही हे खरेदीच्या वेळीच पाहावे. हे पंप बहुधा तेलाविना चालणारे असतात. त्यांच्या आत तेल सोडण्याचा मोह टाळावा. महिन्यातून एकदा पाच मिनिटे पंप चालवला तर आतला दमटपणा निघून जातो आणि तो चालू स्थितीत आहे की नाही, हे अडचणीच्या वेळेआधी कळते.

टायरमध्ये नायट्रोजन भरलेला आहे, मग साधी हवा चालेल का, असा प्रश्न अनेक वाहनधारक विचारतात. अवश्य चालेल. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कमी दाबाच्या शुद्ध नायट्रोजनपेक्षा पुऱ्या दाबाची साधी हवा केव्हाही सुरक्षित. हवा भरून झाल्यावर व्हॉल्व्हच्या टोप्या परत लावायला विसरू नये. टोपी नसलेल्या तोंडात वाळूचा एक कण अडकला तरी रात्रभरात टायर बसतो.